बारा हजारांचं लाकूड

आरडी पिकली तेव्हा सुनेनं विचारलं,
बांगड्या, की नवा फ्रिज?
मी म्हणाले, गिटार.
ती हसली, मग थांबली,
मग उगाच फ्रिजचं दार उघडून बंद केलं.

आमच्या ग्वाल्हेरात
गळा असेल त्यानं गावं,
नसेल त्यानं दाद द्यावी.
तिसरी सोय ठेवलेली नाही.

दौलतगंजातलं दुकान.
तानपुऱ्यांचे भोपळे भिंतीला टेकून बसलेले,
ओपीडीबाहेर नंबर लावल्यासारखे.
मुनव्वरभाई जवारी घासत होते.
मान वर न करता म्हणाले,
"बच्चे के लिए?"
"नाही, माझ्यासाठी."
मराठीतच म्हणाले. इथे सगळ्यांना सगळं कळतं,
उत्तर फक्त ज्याच्या त्याच्या भाषेत येतं.

फैजाननं आधी काळी काढली.
चकचकीत, कडेला बटणं, पोटात बॅटरी.
साडेनऊ हजार, पिशवी फुकट.

एकतीस वर्षं मी छातीच्या वॉर्डात काढली.
पाठीवर एक बोट ठेवायचं, दुसऱ्यानं ठोकायचं.
पोकळ वाजलं तर हवा,
ठप्प वाजलं तर पाणी.
डॉक्टर यायच्या आधीच कळायचं,
सांगायचं मात्र नसायचं.

मी काळीच्या पोटावर बोट ठेवलं, ठोकलं.
"पाणी," म्हणाले.
फैजानला काही समजलं नाही.
मुनव्वरभाईंची कानस थांबली.

मग ते उठले.
एक साधी, फिकट, बिनचमकीची खाली उतरवली,
मधल्या भोकाची कड दाखवली:
वरची रेघ कडेवरून आत उतरते ना,
म्हणजे लाकूड अखंड.
काळीची रेघ कडेलाच संपत होती.
नुसती वर चिकटवलेली.
मान डोळ्यासमोर धरून पाहायला लावली,
सुईत दोरा ओवताना पाहतो तशी.
तळवा पडद्यांच्या टोकांवरून फिरवला, कुठे टोचलं नाही.
बाराव्या पडद्यावर तारेखाली दोन रुपयांचं नाणं सरकवलं,
गेलं, पण अंग चोरून.
"इससे ऊँची हो तो उँगलियाँ कोसेंगी."

मी पाठ फिरवली, रस्त्याकडे तोंड.
फैजाननं दोन्ही वाजवल्या, कुठली कुठली न सांगता.
बाहेर ई-रिक्षांचा गोंगाट, कुणी कांजीवडे विकत होता,
तरी एक सूर माझ्या मणक्यापर्यंत आला
आणि तिथं थोडा वेळ बसला.

साडेचौदा.
तेरावर आले, पिशवी वगळून.
माझ्याकडे बारा, आणि परतीचे चाळीस रुपये.
"बाकी अगले महीने," ते म्हणाले,
"पर मई में लू चलेगी. ये प्लाय नहीं है,
असली लकड़ी है, सूखेगी तो फटेगी."
भोकं पाडलेली साबणाची डबी, आत ओला स्पंज,
पिळून घेतलेला, तारांखालून आत सोडायचा.

हे मला कुणी शिकवायला नको.
ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी का बुडबुडतं
हे मी किती नातेवाइकांना समजावलंय
रात्री तीनला, कॉरिडॉरमध्ये.

घरी आणली ती चादरीत गुंडाळून.
शेजारच्या कोकजेबाईंनी विचारलं, पेशंट कोण?

आता दीड महिना झाला.
सी लागत नाही. पाचवी तार खोकते.
बोटांच्या टोकांना घट्टे पडू लागलेत,
भांडी घासून पडतात त्याहून वेगळ्या जागी.

रात्री सगळे झोपले की
आमचा जुना फ्रिज घरघरतो.
काल मी त्याचा सूर शोधला:
सहावी तार, तिसरा पडदा, किंचित चढा.
सकाळी सुनेला वाजवून दाखवला.
तिनं लक्ष देऊन ऐकलं, मग फ्रिजला कान लावला,
मग म्हणाली,
म्हणजे आता हा बदलायचाच नाही का?